पूर्व भागातल्या शाळेत खाणं आणि खेळणं : जून ते मार्च, कुठं कुठं फसलो त्याच्या नोंदी

आधी थोडं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, पहिली ते आठवी, ३४० पोरं. निम्म्याहून जास्त घरात तेलुगू बोलतात, बऱ्याच जणांच्या आया घरी विड्या वळतात, वडील टॉवेल-चादरीच्या कारखान्यात. मी गणिताचा मास्तर. खेळाशी माझा संबंध एवढाच की पोर्शन मागं पडला की पीटीचा तास मी मागून घ्यायचो. मागून म्हणजे घ्यायचोच. कुणाला हे काम करायचं असंल तर आमचे पैसे नि वेळ कुठं वाया गेला ते बघून घ्या म्हणून या नोंदी ठेवल्यात.

१५ जून २०२४, शनिवार

शाळा सुरू. मीटिंगमध्ये मुख्याध्यापिका बाईंनी जबाबदाऱ्या वाटल्या, "आरोग्य, आहार, क्रीडा" असं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं बाई मी गणित शिकवतो. त्या म्हणाल्या, म्हणूनच, हिशोब ठेवाल. विषय संपला.

१८ जून, मंगळवार

पहिली चूक लगेच केली. फ्लेक्स छापून आणला. फळं, भाज्या, दूध, पळणारा गोरागोमटा मुलगा, वर "निरोगी बालपण". दोन फ्लेक्स, लाकडी फ्रेमसकट १८५० रुपये. गेटच्या आत लावला. आठवडाभरात पोरांनी त्या मुलाला मिशा काढल्या. फ्लेक्समुळं एकानंही एक घास वेगळा खाल्ला असं मला अजून दिसलेलं नाही. पावसाळ्यात मात्र गॅलरीत पाण्याचा झोत येतो तिथं बांधला, ते चांगलं झालं.

२२ जून, शनिवार

शनिवारी सकाळची शाळा, साडेसातला. प्रार्थना, कवायत, मग सूर्यनमस्कार असा कार्यक्रम मोठ्या हौसेनं ठेवला. बारा आसनांचा एक, असे पाच. तिसऱ्याला सातवीतली एक मुलगी खाली बसली आणि मग आडवीच झाली. पाणी मारलं, लिंबू-साखर दिलं, दहा मिनिटात उठली. विचारलं काय खाल्लंस, तर "चहा". नुसता? "बटर संपलं होतं सर." (बटर म्हणजे लोणी नव्हे, चहात बुडवून खायचा कडक पाव.)

सोमवारी सातवीच्या वर्गात हात वर करायला लावले. ४६ पैकी ३१ जण शनिवारी चहावर किंवा चहा-बटरवर आलेले. आईला सकाळी लवकर विड्या द्यायला जायचं असतं, पान-तंबाखू घेऊन यायचं असतं, भाकरी-भाताचा स्वयंपाक होतो नऊनंतर. बाकी दिवस साडेदहाची शाळा असते म्हणून निभतं, शनिवारी नाही. आणि आपण त्याच दिवशी कवायत ठेवतो, वर्षानुवर्षं. हे माझ्या १९ वर्षांच्या नोकरीत डोक्यात आलं नव्हतं, लाज वाटली.

तात्पुरतं असं केलं : शनिवारी आल्या आल्या मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा, मग पंधरा मिनिटं गप्पा-गोष्टी, मग कवायत. फुटाणे-गूळ मिळून आठवड्याला साधारण ९०० रुपये लागतात. पहिला महिना स्टाफनं वर्गणी काढली. पुढं एका माजी विद्यार्थ्यानं घेतलं, त्याचं किराणा दुकान आहे.

२ जुलै, मंगळवार

गेटबाहेरची गाडी. मावशी आहेत, पंधरा-वीस वर्षं तिथंच बसतात. पेप्सी (बाटलीतली नव्हे, प्लॅस्टिकच्या नळीतलं रंगीत बर्फाचं पाणी), पाच रुपयांचे मसाला पुडे, चिंचेच्या गोळ्या, बोरकूट. मी नियम काढून ठेवला होता. एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा बघणारी केंद्राची संस्था) २०२० चे नियम आहेत, जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत पोरांना विकायचे नाहीत. प्रिंट काढली, मावशींना वाचून दाखवली. मोजायला टेप पण नेला होता, गणिताचा मास्तर ना. मावशी काही बोलल्या नाहीत.

४ जुलै

मावशींनी गाडी रस्त्याच्या पलीकडं नेली. मी टेप लावून बघितलं, ५३ मीटर. नियमात बसतंय.

५ जुलै, शुक्रवार

मधल्या सुट्टीत पोरं रस्ता ओलांडून पळायला लागली. तिसरीतला एक जण रिक्षाखाली येता येता राहिला, चप्पल चाकाखाली गेली. रिक्षावाला खाली उतरून मला जे बोलला ते लिहीत नाही, पण त्याचं बरोबर होतं. संध्याकाळी मावशींच्या घरी गेलो आणि गाडी परत आधीच्या जागी लावा म्हणून हात जोडले. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, "सर, तुम्ही आधी इचारलं असतं तर सांगितलं असतं, पोरं कशासाठी येतेत माझ्याकडं." कशासाठी? "तान लागती म्हणून."

हे वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

८ ते २० जुलै

शाळेत पाण्याची काय अवस्था आहे ते पहिल्यांदा नीट बघितलं. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, हे सगळ्यांना माहितीये. शाळेची जुनी सिमेंटची टाकी, झाकण फुटलेलं, तीन तोट्यांपैकी एक चालू. पोरं ते पाणी प्यायची नाहीत, घरनं बाटली आणणारे थोडेच. मग पाच रुपयांत गार, गोड, तहान भागवणारं काय मिळतं? पेप्सी. मी त्यांच्या साखरेवर भाषणं द्यायला निघालो होतो.

हिशोब केला : एका पोराला शाळेच्या वेळात अर्धा लिटर धरलं तर ३४० पोरांना दिवसाला १७० लिटर, पाच दिवसांचे ८५०. म्हणून १००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी. टाकी ५६०० (एका माजी विद्यार्थ्यांच्या बॅचनं दिली), तोट्या, पाइप, प्लंबर मिळून ४३००. आठ तोट्या. मजेत होतो.

१ ऑगस्ट, गुरुवार

टाकी तिसऱ्या दिवशी रिकामी. हात धुण्याचं पाणी मी धरलंच नव्हतं. पोरं त्याच तोट्यांना हात धुतात, ताटं धुतात, एकमेकांना भिजवतात, ते वेगळंच. गणिताच्या मास्तरचा हिशोब चुकला म्हणून स्टाफरूममध्ये आठवडाभर चेष्टा झाली. शेवटी जुनी सिमेंटची टाकी साफ करून घेतली, झाकण बसवलं, ती फक्त हात नि ताटं धुवायला. नवी फक्त प्यायला. खर्च आणखी २२००.

आणि तोट्या मोठ्या माणसांच्या उंचीला लावल्या होत्या. पहिली-दुसरीची पोरं टाचा उंच करून, वरचा हात ओला, बाही ओली. तोट्यांखाली विटांचा एक थर घालून ओटा केला. प्लंबर येण्याआधी पहिलीतल्या एका पोराला उभं करून बघा, एवढं केलंत तरी आमचे ७०० रुपये वाचले असते तसे तुमचे वाचतील.

१४ ऑगस्ट

मावशींना विचारलं पेप्सी किती जाती. आधी रोज दोन पिशव्या जायच्या, आता एकीतल्या पण उरतात. पाणी सोडून आम्ही दुसरं काहीही केलेलं नव्हतं. पण त्यांचा धंदा कमी झाला हेही खरं, आणि ते तोंडावर दिसत होतं. याचं पुढं काय करायचं ते सुचत नव्हतं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

राष्ट्रीय क्रीडा दिन. ध्यानचंदांचा फोटो, हार, भाषण. फिट इंडियाची शपथ पण घेतली (ती मोहीम २०१९ ला याच तारखेला सुरू झालेली). माझं भाषण अकरा मिनिटं चाललं. तेवढ्यात पोरं उन्हात बसून होती. म्हणजे क्रीडा दिनाला शाळेतली ३४० पोरं अकरा मिनिटं हलली नाहीत, माझ्यामुळं.

त्या भाषणात मीच सांगितलं होतं की पाच ते सतरा वर्षांच्या पोरांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं खेळावं, जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग रात्री वाटलं, आपल्या पीटीच्या तासात किती मिनिटं होतात ते मोजू तरी.

३ ते ६ सप्टेंबर

मोजलं. मोबाइलचं स्टॉपवॉच, एका तासाला एकच पोरगं निवडायचं, त्याला सांगायचं नाही, ते पळतंय-उड्या मारतंय तेवढाच वेळ घड्याळ चालू. पीटीचा तास ३५ मिनिटांचा.

सहावीतला मुलगा, क्रिकेट, लाँग ऑनला उभा : ६ मिनिटं.
आठवीतली मुलगी : ४ मिनिटं, त्यातली दोन मैदानावर चालत यायची.
पाचवीतला मुलगा, बॅट ज्याची होती तो : १३ मिनिटं.
सातवीतली, दोन महिन्यांपूर्वी चक्कर आलेली मुलगी : झिरो. ती कट्ट्यावर बसून मैत्रिणींच्या बॅगा सांभाळत होती.

आणि हे ज्या आठवड्यात मी पीटीचा तास घेतला नाही त्या आठवड्यातलं. पुढं गणपती आले, लेझीम, मिरवणूक, त्या दहा दिवसात पोरं जेवढी नाचली तेवढी वर्षभर नाचली तरी माझं काम संपलं असतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

क्रिकेट बंद करायला गेलो असतो तर बंड झालं असतं. ते ठेवलं, पण मैदानाच्या एका कोपऱ्यात. बाकी जागेत फक्कीनं चार चौकोन आखले, लंगडीसाठी. लंगडीला सामान लागत नाही, बूट लागत नाहीत (आमच्याकडं निम्मी पोरं चप्पलवर येतात), जागा कमी लागते. एका पिशवी फक्कीत पंधरा दिवस जातात.

अडचण दोन दिवसात दिसली. लंगडीत जो आधी बाद होतो तो बाहेर बसतो. म्हणजे ज्याला खेळायची जास्त गरज तोच बसून. जाड पोरगा पहिल्या मिनिटात बाद आणि मग सगळ्यांचं हसू त्याच्यावर. म्हणून नियम बदलला : बाद झाला की कडेला जाऊन दोरीवरच्या वीस उड्या, मग परत आत. क्रीडाशिक्षक म्हणाले असली लंगडी कुठल्या स्पर्धेत नसती. नसंना का.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दोरीचं प्रकरण. उड्यांसाठी ४० दोऱ्या पाहिजेत, दुकानात साधी मुठीची दोरी ६० च्या खाली नाही. एका पालकांनी कारखान्यातलं वेस्ट सूत आणून दिलं, पोतंभर, फुकट. म्हणलं वा, सोलापूरच्या सुताच्या दोऱ्या. आठवीच्या पोरींनी दोन तासात वेण्या घालून २२ दोऱ्या केल्या. दिसायला एक नंबर, रंगीबेरंगी.

फिरेनातच. सूत हलकं, दोरी हवेत वर जाती आणि तिथंच लोळती, खाली यायच्या आधी पोरगं उडी मारून मोकळं. ओली करून बघितली, फिरली, पण सगळ्यांच्या पाठीवर पाण्याचे पट्टे. दुहेरी वेणी घातली, जड झाली पण आठवड्यात जमिनीला घासून मध्येच तुटली. शेवटी जमलं ते असं : दुहेरी वेणी, आणि मधल्या हातभर भागावर जुन्या पाण्याच्या पाइपचे बोटभर तुकडे ओवायचे, मण्यांसारखे. वजन मध्ये येतं, घासतो तो पाइप, सूत नाही. लांबी अशी की दोरीवर दोन पाय देऊन उभं राहिलं की टोकं काखेपर्यंत यावीत. पाइप भंगारवाल्याकडनं, ८० रुपयांत पुष्कळ. बाजारात मधल्या मारुतीजवळ किलोवर नायलॉनची दोरी मिळते, ती पण घेतलेली थोडी, ती टिकते पण पायाला लागली की पोरं रडतात.

१० ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट. नवी टाकी काळी, आणि मी ती गच्चीवर ठेवलेली, प्रेशर यावं म्हणून. दुपारी तोटी सोडली की अंघोळीचं पाणी. पोरं परत मावशींकडं. टाकी खाली लिंबाच्या सावलीत, लोखंडी स्टँडवर घेतली, भोवती गोणपाट गुंडाळलं, सकाळी शिपाईमामा त्यावर बादलीभर पाणी टाकतात. शिवाय प्रत्येक मजल्यावर दोन माठ. माठ १८० ला एक, तोटीचा घेतला तर २५०. तोटीचाच घ्या, नाहीतर सगळ्यांचे हात आत.

१५ ऑक्टोबर ते २५ नोव्हेंबर

काही झालं नाही. आचारसंहिता, इलेक्शन ट्रेनिंग, दिवाळीची सुट्टी, परत ट्रेनिंग, २० तारखेला मतदान. मी बूथवर होतो. आल्यावर बघितलं तर फक्कीचे चौकोन पुसलेले, बारा दोऱ्या गायब आणि पीटीच्या तासाला विज्ञानाच्या बाई. मी काय तोंडानं बोलणार?

२ डिसेंबर, सोमवार

खिचडी. पोषण आहाराचं जेवण आमच्याकडं बाहेरनं डब्यातून येतं, बाराच्या सुमारास. मोठी सुट्टी दीड वाजता. सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे, लहानांना १००-२०-५०. कागदावर छान. मी फेकलेलं अन्न वजनकाट्यावर मोजायला लागलो, भांड्यांजवळ एक बादली ठेवून. चार दिवसांची सरासरी साडेअकरा किलो. भोपळ्याच्या मोठ्या फोडी जशाच्या तशा.

आधी वाटलं चव वाईट. मग एक दिवस डबा आला तेव्हाच वाटीभर खाल्ली. चांगली होती. दीडला परत खाल्ली. गार, घट्ट गोळा, चमचा उभा राहील. चव बिघडत नव्हती, घंटा उशिरा वाजत होती.

२ ते २० डिसेंबर

सुट्टी साडेबाराला आणायची एवढंच. तीन आठवडे गेले. पाचवा तास कुणाचा, वर्गशिक्षकांचा सलग तास तुटतो, बसनं येणाऱ्यांची बस, शेजारच्या हायस्कूलबरोबर घंटा जुळत नाही. वेळापत्रक मी सात वेळा मांडलं. सगळ्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात स्वस्त काम हे, एक रुपया खर्च नाही, आणि सगळ्यात जास्त भांडणं यातच.

दुसरा बदल, आधी खेळ मग जेवण. आधी पोरं चार घास कोंबून मैदानाकडं पळायची, उरलेलं बादलीत. आता पंधरा मिनिटं खेळ, मग हात धुवायचे, मग जेवण. पहिल्या दिवशी हात धुवायच्या रांगेतच चौदा मिनिटं गेली आणि पहिलीतल्या पोरांना मोठ्यांनी ढकललं. आता पहिली ते चौथीची घंटा दहा मिनिटं आधी. भाजीचं पण सांगितलं : भोपळा-दुधी किसून टाका, फोडी नकोत. डबा पुरवणाऱ्या ताईंनी कुरकुर केली, किसायला वेळ लागतो, पण गाजर-भोपळा तरी किसतात आता.

बादली : साडेअकरावरनं चार किलोच्या आसपास. शुक्रवारी दोन.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

भोगी. घरोघरी तिळाची भाकरी नि मिसळीची भाजी असते, म्हणून हाच मुहूर्त धरून भाकरीचा कार्यक्रम ठेवला. एका बचत गटाकडनं कडक भाकरी, ७ रुपयांना एक, आणि शेंगाचटणी. स्टाफ आणि पालकांच्या वर्गणीतून २९०० रुपये. ज्वारीचं महत्त्व वगैरे मी फळ्यावर लिहिलं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला मिळालेलं भौगोलिक मानांकन पण.

इथं दोन चुका झाल्या, एक हसण्यासारखी, एक नाही.

हसण्यासारखी : पहिली-दुसरीच्या पोरांचे पुढचे दात पडलेले. कडक भाकरी त्यांना तुटंना. एक जण दाढेनं प्रयत्न करून रडायला लागला, एकानं ती चाकासारखी वर्गात फिरवली. शेवटी बाईंनी सगळ्या गोळा करून वरवंट्यानं चुरल्या, दही-मीठ घालून काला केला, तो मात्र चाटून पुसून संपला.

दुसरी : शेंगाचटणी खाल्ल्यावर पाचवीतल्या एका मुलाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. शेंगदाण्याची ॲलर्जी, घरच्यांना माहिती, शाळेला नाही, आणि आम्ही विचारलंच नव्हतं. लगेच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत बरा. त्याची आई मला काही बोलली नाही, नुसती बघत होती. त्याच आठवड्यात प्रत्येक पोराच्या घरी चिठ्ठी गेली, काय चालत नाही ते लिहून द्या. ३४० मधनं दोघं निघाले, दुसरी मुलगी अंड्याची. शनिवारच्या फुटाण्याबद्दल पण तेव्हाच विचारून घेतलं. ही चिठ्ठी जूनमध्ये पाठवायची असते. तुम्ही दुसरं काही केलं नाही तरी चालेल, हे करा.

२० जानेवारी, सोमवार

गड्ड्यामुळं (सिद्धेश्वराची जत्रा) आठवडा असाच गेला. पोरं गड्ड्यावर काय काय खाऊन आली त्याची यादी मी मुद्दाम विचारली नाही.

पण काल रात्री खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला ना दिल्लीत, मुलींची टीम जिंकली, पुरुषांची पण, दोन्ही फायनल नेपाळशी. कॅप्टन प्रियांका इंगळे आपल्याकडचीच, महाराष्ट्राची. आज सकाळी आठवीच्या पोरी स्वतःहून आल्या, सर आम्हाला खांब पाहिजेत. मी सहा महिने बोंबलून जे झालं नाही ते एका मॅचनं झालं. लाकडी खांब दोन, पुरायचा खर्च धरून १६००.

अडचण युनिफॉर्मची. सहावीपासनं मुलींना पंजाबी ड्रेस नि ओढणी, ओढणी पायात येते. बुधवार-शनिवार ट्रॅकपँट चालेल असा ठराव केला, दोन पालकांनी विरोध केला, त्यांच्या मुलींना सलवारवरच, ओढणी कमरेला बांधून खेळू द्या म्हणलं. चाललं. कट्ट्यावर बॅगा सांभाळणारी ती मुलगी खो द्यायला एवढी चपळ निघाली की मला स्टॉपवॉच काढायचं सुचलं नाही. नंतर एकदा मोजलं, १७ मिनिटं.

२९ जानेवारी

पालक मीटिंग. मी म्हणलं डब्यात बिस्किटाऐवजी भाकरी-भाजी द्या. मागं बसलेल्या एका अम्मा उठल्या, "सर, रेशनवर गहू-तांदूळ फुकट. ज्वारी पन्नास रुपये किलो. तुम्ही देता काय?" सगळे हसले, मी पण. दुसऱ्या म्हणाल्या आमच्यात भातच चालतो, पोरं भाकरीला हात लावत नाहीत. मी सहा महिने सगळ्यांना ज्वारी खाणारे धरून चाललो होतो. भात, पप्पू (तेलुगू घरातलं वरण) आणि एक पालेभाजी, यात वाईट काय आहे? काहीच नाही. डब्याचा नियम बदलला : पुडा नको, घरचं काहीही, आणि त्यात एक तरी हिरवी किंवा मोड आलेली गोष्ट. मोडाच्या मटकीला कुणी नाही म्हणालं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

आठवड्यातनं एकदा अंडं (न खाणाऱ्यांना केळं) द्यायचे, त्याचा सरकारी निधी जानेवारीअखेर बंद झाला, आता लोकसहभागातून करा म्हणे. अंड्याच्या दिवशी आमची हजेरी सगळ्यात जास्त असायची, हजेरीपटावर दिसतं. बाजारात अंडं सातच्या आसपास. ३४० गुणिले सात. लोकसहभाग म्हणजे परत तोच किराणावाला माजी विद्यार्थी, त्याला फोन लावायचा धीर झाला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

साखरेचं प्रात्यक्षिक. ३०० मिलीच्या कोलाच्या बाटलीवर १०० मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर लिहिलेली असते, म्हणजे बाटलीत जवळजवळ ३२ ग्रॅम. पारदर्शक ग्लासात सहा चमचे आणि वर थोडी साखर ओतली. सगळे गप्प. मला वाटलं बाण लागला. मग मागच्या बेंचवरनं, "सर, ते खाऊ का?" आणि ग्लास फिरला, बोटं बुडवून साफ.

विज्ञानाच्या बाईंनी मात्र नंतर स्टाफरूममध्ये त्यांच्या पाच कप चहाची बेरीज केली. आता त्या बिनसाखरेचा पितात. म्हणजे प्रात्यक्षिक अगदीच वाया गेलं नाही.

१५ फेब्रुवारी

मावशींबरोबर हिशोबाला बसलो, जे जुलैमध्ये करायला पाहिजे होतं. पाच रुपयांच्या पुड्यामागं त्यांना रुपयाभर पण सुटत नाही, पण पुडा खराब होत नाही, आज नाही तर उद्या जातो. उकडलेल्या शेंगा, चणे, पेरू यात सुटतं जास्त, पण उरलं की फेकायचं. म्हणजे त्यांना भीती उरण्याची. मग असं ठरवलं : पंधरा दिवस उरलेला माल संध्याकाळी स्टाफ विकत घेणार, त्याच भावात. अट एवढीच की पेरू कापायची सुरी नि पाट आमच्या तोटीवर धुवायचा, कापलेलं जाळीच्या झाकणाखाली.

पहिल्या दिवशी आम्ही १४० रुपयांचे चणे घरी नेले. बायको म्हणाली शाळेत काय चाललंय तुमचं. पाचव्या दिवशी ४० चे. दहाव्या दिवशी काही उरलं नाही. पुडे अजून टांगलेले आहेत गाडीला, कमी झालेत एवढंच. शेंगा मात्र त्या ॲलर्जीवाल्या पोराला द्यायच्या नाहीत, त्याला त्या चेहऱ्यानं ओळखतात, म्हणून त्याच्यासाठी एक पेरू बाजूला ठेवतात.

१ मार्च, शनिवार

परत स्टॉपवॉच. सहा पोरं, सहा तास. एक जण सोडला तर कमीत कमी ११ मिनिटं, जास्तीत जास्त २१. साठ अजून लांब आहे, मधल्या सुट्टीचे पंधरा धरले तरी. क्रिकेटवाला लाँग ऑन अजून ७ वरच आहे, त्याचं काय करायचं कळत नाही, त्याला विचारलं "काय करलालास बे उभा राहून?" तर म्हणतो, "कॅच येलाय का बघलालो सर."

वार्षिक परीक्षा जवळ आली. काल मी स्वतः क्रीडाशिक्षकांकडं गेलो, आठवीचे दोन तास मागायला. त्यांनी वही उघडून माझ्याच सहीचा कागद दाखवला, पीटीचा तास कुणालाही मिळणार नाही म्हणून. परत आलो.

१२ मार्च, बुधवार

दुपारी बाहेर बघवत नाही इतकं ऊन. खेळ सगळा साडेदहाच्या आधी आणला, दुपारच्या सुट्टीत फक्त गॅलरीत सागरगोटे, काचापाणी. दोऱ्या मोजल्या, ३१ होत्या त्यातल्या १९ उरल्या. माठ दोन फुटले.

मावशी आज विचारत होत्या, उन्हाळ्यात पेप्सीऐवजी ताक ठेवलं तर जाईल का. जाईल, पण गार लागणार. बर्फाचं त्या म्हणाल्या एक जण स्वस्तात देतो. मी विचारलं निळा असतो का? तर हो, निळसर. तो खायचा नसतो, न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणूनच निळा करतात, २०१८ पासनंचा नियम आहे. मावशी म्हणाल्या, "आणि गोळेवाला?" मी त्यावर काही बोललो नाही.

मग माठातलंच ताक, ओल्या फडक्यात गुंडाळून, शाळेच्या भिंतीच्या सावलीत. ग्लास कुठले, कोण धुणार, पाच रुपयांत किती मिली परवडतं हे अजून ठरायचंय. दही किती लिटरचं लावायचं त्याचा अंदाज उद्या दूधवाल्याकडं जाऊन घेणार. सोमवारी पाच लिटरनं सुरू करू म्हणल्यात, उरलं तर स्टाफनं प्यायचं.